एक जूनची माणसं

“मधोमध काप, प्रमिला, मधोमध. मागच्या वर्षी तू कडेने सुरुवात केलीस आणि सगळा फोटो बिघडला,” डॉक्टर टिपणीस म्हणाले आणि बायकोच्या हातावर स्वतःचा हात ठेवून त्यांनी सुरी खाली दाबली.

तेवढ्यात बंदरावरचा भोंगा वाजला. वादळांचा मोसम एक जूनपासून सुरू होतो, म्हणून बेटाचं सरकार दर वर्षी त्याच दिवशी भोंगा वाजवून बघतं.

“आमच्या हिच्या जन्माची सरकारी दवंडी!” डॉक्टर म्हणाले. हा विनोद ते दर वर्षी करायचे आणि मराठी मंडळाची चौदाच्या चौदा कुटुंबं दर वर्षी तेवढंच हसायची. मीही हसायचो. फुकटचा केक खाणाऱ्याने विनोदाला नावं ठेवू नयेत. टिपणीसवहिनी मात्र हसायच्या नाहीत. केकचे सारखे तुकडे करून त्या सगळ्यांच्या बशा भरायच्या आणि स्वतः उरलेला चुरा खायच्या. नवऱ्याच्या तालावर डोलणारी बाहुली, असं मी घरी येऊन बायकोला म्हणायचो.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. बेटाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, नकाशात त्याच्यावर माशी बसली तर शेजारची दोन बेटंही झाकली जातात. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, पण मालकी इंग्रजांची. गव्हर्नर लंडनहून येतो, पांढरा कोट आणि पिसांची टोपी घालून वर्षातून एकदा परेड बघतो. माणसं मात्र गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. आणि चहूकडे पाणी, पण थेंबभर पिण्यासारखं नाही. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो. मी उत्तरेश्वर गव्हाणे, केज तालुक्यातला. आमच्या गावात टँकर आला की घागरीवरून डोकी फुटायची, आणि तिथला मी आठ वर्षं एका आख्ख्या बेटाला पाणी पाजत होतो.

आठ वर्षं झाली की तिथे कायम राहण्याचा अर्ज करता यायचा. अर्जाला शंभर गुण. समुद्रकाठी घर विकत घेतलं असेल तर तीस गुण. आठ वर्षं बेटाला पाणी पाजलं असेल तर ‘उपयुक्त काम’ म्हणून सहा. बेटाच्या बोधचिन्हात काय काय आहे ते सांगितलं की दोन. आमच्या शेजारी एक निवृत्त इंग्रज राहायला आला, त्याला सहा आठवड्यांत कागद मिळाला. त्याच्या कुत्र्याच्या कागदावर तर विमानतळावरच शिक्का पडला. आणि माझी सावनी, जी बेटाच्याच इस्पितळात जन्मली, जिच्या जन्माच्या दाखल्यावर बेटाचं कासव छापलेलं आहे, ती बेटाची नव्हती. कारण बाप उपरा. बापाला कागद मिळाला तर पोर बेटाची होणार. नाही मिळाला तर नव्वद दिवसांत तिघांनी चंबूगबाळं आवरायचं. सावनी तेव्हा सात वर्षांची होती. तिला मराठी फक्त रागावलेलं कळायचं.

त्या साली आम्ही तीन मराठी माणसांनी अर्ज केले होते. मी, फ्रिज-एसी दुरुस्त करणारा आटपाडीचा नामदेव खिलारे आणि इस्पितळातल्या सिस्टर मंदाकिनी पगारे, येवल्याकडच्या. केक खाऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच खिलारे पत्र नाचवत माझ्या दारात आला.

“आण्णा, तुमची जन्मतारीख काय हाय कागदावर?”

“एक जून.”

“माझी बी एक जून. शिस्टरची बी एक जून. आता बोला! ह्यास्नी वाटतंय तिघांनी एकाच छापखान्यातनं कागद छापून आणल्यात.”

मी पत्र वाचलं. तीन वेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या तीन अर्जदारांची जन्मतारीख एकच असल्यामुळे कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका निर्माण झाली आहे, सुनावणीला हजर राहावं, वगैरे. सही अर्ज तपासणाऱ्या बोर्डाचे सचिव हॉलिस यांची. हा हॉलिस लंडनहून येऊन अकरा महिने झाले होते. त्याला बेटावर राहायला कोणी गुण विचारले नव्हते.

आता आपल्याकडच्या कोणालाही विचारा. कुठल्याही खेड्यातल्या शाळेचं जुनं रजिस्टर काढा, अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं सापडेल. शाळा जूनमध्ये भरायची, पोर एक जूनला पुरत्या वयाचं हवं. बापाला तारीख ठाऊक नाही, आईला तिथी ठाऊक पण साल नाही. गुरुजी तरी काय करतील? लिहून टाकायचे एक जून. पुढे तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. आम्ही तिघंही तसेच जन्मलेलो. दर वर्षी टिपणिसांच्या घरी केक खाताना तिघंही आपापला सरकारी वाढदिवस मुकाट्याने गिळायचो.

“अन् ती टिपणीसबाई?” माझी बायको द्वारका स्वयंपाकघरातून म्हणाली. “तिचा वाढदिवस बी त्याच दिवशी की. तिला कामून न्हाई धरलं?”

“तिचा खरा आहे.”

“तुम्हाला काय ठावं?”

“पुण्याची बाई ती. त्यांच्यात पोर रडायच्या आधी घड्याळ बघतात. त्यांचा खरा, आपला गुरुजींनी दिलेला.”

“लई कळतंय तुम्हाला,” द्वारका म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

डॉक्टर टिपणीस दातांचे डॉक्टर. गव्हर्नरपासून कोळ्यांपर्यंत सगळ्या बेटाने त्यांच्यापुढे आ केलेला. वीस वर्षांपूर्वीच त्यांना कायमचा कागद मिळालेला, मंडळाचे अध्यक्षही तेच आणि बोर्डात त्यांच्या शब्दाला वजन. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहेरच्या टेबलावर वहिनी बसलेल्या. नावं लिहून घ्यायची, फोन उचलायचे, हे काम त्यांचं. मंडळाच्या सेक्रेटरीही त्याच, म्हणजे नवऱ्याने सांगितलेली पत्रं टाइप करायच्या.

डॉक्टरांनी एका बाईच्या तोंडात कापूस कोंबला आणि माझ्याकडे वळले.

“एक जून? तिघांचाही? हॅ! मग खरी तारीख काय तुमची?”

“माय सांगायची, येळअवसेच्या दुसऱ्या दिवशी.”

“कुठल्या साली?”

“मठाच्या विहिरीला पाणी लागलं त्या साली.”

डॉक्टर इतके हसले की कापूसवाल्या बाईनेही डोळे मोठे केले. “अहो गव्हाणे, विहिरीवरून वय! बोर्डाला काय सांगू मी, पाणाड्याला साक्षीला बोलवा म्हणून? बरं, बघतो. आपलीच माणसं आहात. मी बोलतो त्यांच्याशी.”

मी निघालो, तेव्हा वहिनींनी वहीवरची नजर उचलली. “गव्हाणे भाऊजी, तुमच्या शाळेत तारखा कोण लिहायचं?”

“गुरुजी. दुसरं कोण?”

“अक्षर कसं होतं त्यांचं?”

माझी पोर बेटावरून हाकलली जायची वेळ आलेली आणि ही बाई गुरुजींचं अक्षर विचारते. “चांगलं होतं,” मी म्हणालो आणि चालता झालो. रस्ताभर मनात शिव्या घातल्या त्यांना. रिकामपण माणसाला कसले प्रश्न सुचवतं, असंही वाटलं.

सुनावणी जुन्या पोस्टाच्या माडीवर होती. एक लांब टेबल, पाच सभासद, वर पंखा. अध्यक्षस्थानी मिस ऑर्डेला. बेटावर मोठ्या बायकांना असंच नावापुढे मिस लावून हाक मारतात. सत्तरीची बाई, बेटावरचीच, चाळीस वर्षं त्याच इमारतीत खाली पोस्टमास्तरीण होती. डोक्यावर चर्चला जायची टोपी. तिच्या उजव्या हाताला हॉलिस, चेहरा उन्हाने भाजलेला. आम्ही तिघं एका बाकावर. डॉक्टर पहिल्या रांगेत, टाय लावून. वहिनी सगळ्यांत मागे, मंडळाच्या पत्रांची फाईल मांडीवर घेऊन. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

हॉलिसने आकडेमोड करून आणली होती. “तीन अनोळखी माणसांचा जन्म एकाच तारखेचा असण्याची शक्यता एक लाख तेहतीस हजारांत एक आहे,” तो म्हणाला आणि शाबासकीची वाट बघितल्यासारखा थांबला.

“मिस्टर गव्हाणे,” मिस ऑर्डेला म्हणाल्या, “तुम्हीच सांगा काय ते.”

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जून, शाळा, गुरुजी. “आई शाळेत घेऊन गेली की गुरुजी वय विचारत नसत,” मी म्हणालो. “ते म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. हात कानाला लागला की पोर शाळेच्या वयाचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी या.” आणि भर बोर्डापुढे मी हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला. एक सभासद फिसकन हसला. मला वाटलं, जिंकलो.

“म्हणजे,” हॉलिस म्हणाला, “अर्जात तुम्ही जी जन्मतारीख लिहिलीत, ती तुमची नाही हे तुम्हाला माहीत होतं?”

“ती पासपोर्टवर आहे.”

“माझा प्रश्न तो नाही. ती खरी नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो. पण…”

“आणि अर्जाच्या शेवटी, वरील सर्व माहिती खरी आहे, असं लिहून खाली सही केलीत.”

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर हात डोक्यावरून नेऊन दाखवला होता. हॉलिसने नियमाचं पुस्तक उघडून वाचलं: जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यास अर्ज कायमचा बाद, पुन्हा अर्ज करता येणार नाही. सिस्टर पगारेंनी डोळे पुसले. खिलारे माझ्या कानाशी पुटपुटला, “आण्णा, तुम्ही कान धरला नसता तर बरं झालं असतं.” माझ्या डोळ्यापुढे सावनी आली. तिने आमच्या अंगणात शाळेसाठी टोमॅटोचं रोप लावलेलं आणि त्याला पाणी मोजून घालायची, बाबाचं पाणी आहे म्हणून.

“या समाजातले एक प्रतिष्ठित गृहस्थ इथे आहेत,” मिस ऑर्डेला म्हणाल्या. “डॉक्टर, तुमच्याकडे खरंच असं असतं का?”

डॉक्टर उठले. टाय सारखा केला. माझ्याकडे बघून त्यांनी धीराची मान हलवली आणि मी जीव मुठीत धरून ऐकू लागलो.

“मॅडम, भारत फार मोठा देश आहे,” त्यांनी सुरुवात केली. “दूरदूरच्या खेड्यांतून काय चालतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. आमच्या घराण्यात जन्माची वेळ मिनिटासकट लिहून ठेवतात. माझ्या पाहण्यात, माझ्या ओळखीत, शिक्षकाने जन्मतारीख ठरवल्याचं एकही उदाहरण नाही.”

“एकही नाही?”

“नाही. हे तिघं कष्टाळू आहेत, ते मी जरूर सांगेन. पण बोर्डाची फसवणूक झाली असेल तर आमच्या समाजाचं नाव खराब होतं, हेही मला बघायला हवं.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. कदाचित पाच माणसं आणि एक पंखा आपल्याकडेच बघताहेत हे बघून चेव आला असेल. “गंमत म्हणजे, माझ्या पत्नीचाही जन्म एक जूनचा आहे. खरा एक जून. एकतीस वर्षं आम्ही तो साजरा करतो, अर्धं बेट येतं. तेव्हा त्या दिवशी खरोखर जन्मलेली माणसंही असतात, एवढंच मला सांगायचंय.”

नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याच्या मयतीत स्वतःच्या घरचा केक वाटणारा हा पहिलाच. बघतो म्हणाले होते. बघितलं त्यांनी, आपला कोट पांढरा राहिला पाहिजे एवढं बघितलं.

“मिस ऑर्डेला, मला बोलायचंय.”

मागून आवाज आला. आम्ही सगळे वळलो. वहिनी उभ्या होत्या, फाईल छातीशी धरून.

“प्रमिला, खाली बस,” डॉक्टर मराठीत म्हणाले. “तुला यातलं काही माहीत नाही.”

“यातलंच माहीत आहे मला,” वहिनी म्हणाल्या आणि पुढे आल्या.

“माझे वडील हेडमास्तर होते,” त्या बोर्डाला सांगू लागल्या. “पुण्याला मी लग्न होऊन आले. माझं गाव माण तालुक्यात, पाऊस न पडणाऱ्या भागात. जूनमध्ये आईबाप पोरं घेऊन यायचे. वडील तारीख विचारायचे. कुणी म्हणायचं बैलपोळ्याला झाला, कुणी म्हणायचं रेडा मेला त्या साली. मग वडील पोराला सांगायचे, हात डोक्यावरून घे. यांनी दाखवलं तस्संच. हात लागला की लिहायचे, एक जून. बावीस वर्षं त्यांनी लिहिलं. दौतीत शाई मी भरून द्यायची. मी त्यांच्या हाताने जन्माला आलेली तीनशे माणसं बघितली आहेत.”

“आणि तुम्ही?” मिस ऑर्डेलांनी विचारलं.

“एका वर्षी शाळेच्या पटावर एक पोर कमी पडत होतं. एक नाव वाढलं असतं तर दुसरा मास्तर मंजूर झाला असता. वडिलांनी मला चुलीपुढून हाक मारली. माझा हात कानाला लागेना. दोन बोटं कमी पडत होता. तेव्हा त्यांनी माझी मान धरून वाकवली. मग लागला. आणि त्यांनी लिहिलं.”



“या तिघांच्या गुरुजींनी अंदाज केला,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना दुसरा इलाज नव्हता. माझ्या वडिलांना मात्र माझी तारीख माहीत होती. त्यांनी माहीत असून खोटी लिहिली. आणि मलाही माहीत आहे. तरी मी तुमच्या अर्जावर तीच लिहून सही केली, वीस वर्षांपूर्वी.”

“मिसेस टिपणीस,” हॉलिस म्हणाला, “तुम्ही काय बोलताय याचा अर्थ तुम्हाला कळतोय?”

“तुमचा कागद माझ्या कपाटात आहे, बाई,” मिस ऑर्डेला हळू म्हणाल्या. “या नियमाने तोही जाईल.”

“हो. यांचे खोटे असतील तर माझा जास्त खोटा आहे. आधी माझा काढून घ्या, मग यांचे.”

डॉक्टर उठून उभे राहिले होते. सगळ्या बेटाला आ करायला लावणाऱ्या माणसाचं तोंड आता स्वतःच उघडं होतं.

मिस ऑर्डेलांनी चष्मा काढला, टोपीखालचा घाम पुसला. “मिस्टर हॉलिस,” त्या म्हणाल्या, “माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. कागदावर आम्ही दोघी एकाच दिवशी जन्मलो. आमच्या वाडीत पाद्री होडीने यायचा, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. आला की सगळ्या पोरांना रांगेत उभं करून बाप्तिस्मा द्यायचा आणि त्याच दिवशी जन्मली म्हणून लिहून टाकायचा. त्या एका दिवशी आमच्या वाडीत अठरा पोरं जन्मली. तुमच्या हिशेबाने याची शक्यता किती?”

हॉलिसने वहीकडे बघितलं.

“त्याच कागदावर मी चाळीस वर्षं राणीच्या टपाल खात्यात नोकरी केली,” त्या म्हणाल्या. “माझं बेट आहे हे. माझाही कागद काढायचा तर आताच सांगा, मी खुर्ची सोडते.”

हॉलिसने नियमाचं पुस्तक मिटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. “मिस्टर गव्हाणे, ते पुन्हा दाखवा.” मी पुन्हा हात डोक्यावरून नेऊन कान धरला. त्यांनीही हात उचलला, टोपी तिरकी झाली, पण खांदा दुखरा होता, हात कानापर्यंत पोचेना. “बघा,” त्या म्हणाल्या, “माझं अजून शाळेचं वय झालं नाही.” सगळे हसले. सिस्टर पगारे तर हसता हसता पुन्हा रडल्या. वहिनी मात्र तेव्हाही हसल्या नाहीत. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून खाली गेल्या.

मी आभार मानायला मागोमाग धावलो. अंगणातल्या जंगली बदामाखाली डॉक्टरांनी त्यांना गाठलं होतं. मी जिन्यातच थबकलो.

“तू मला कधी सांगितलं नाहीस,” डॉक्टर म्हणत होते.

“लग्न ठरायच्या आधी वडिलांनी सांगितलं होतं, शाळेच्या दाखल्यावर आहे तेच सांगायचं. अवसेचा जन्म तुमच्या आईंना चालला नसता.”

“पण आपली पत्रिका…”

“त्याच तारखेची. अठ्ठावीस गुण जुळले होते.”

डॉक्टरांनी झाडाला हात टेकला. मला हसू आवरेना, मी तोंडावर रुमाल धरला. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मग तुझा खरा वाढदिवस कधी असतो?”

“एकतीस केक कापले आपण,” वहिनी म्हणाल्या. “प्रत्येक वेळी सुरी तुम्ही दाबलीत. एकदाही मला विचारलं नाहीत, तुला आज कसं वाटतंय म्हणून. आज तारीख विचारताय.”

आणि त्या दवाखान्याच्या वाटेला लागल्या. दुपारी तीनला कोणाचा तरी दात काढायचा होता.

सप्टेंबरात तिघांनाही कागद मिळाले. वहिनींचा काढून घेतला नाही, त्यांच्या फाईलमध्ये फक्त एक चिठ्ठी लावली, जन्मतारीख अनिश्चित. सावनी बेटाची झाली. तिने मला विचारलं, “म्हणजे काल मी कुठली होते?” कोजागिरीला मंडळ जमलं, तेव्हा डॉक्टरांनी मसाला दुधाचा पेला उंच करून सांगितलं, “बोर्डापुढे आम्ही आपल्या माणसांची बाजू लावून धरली.” मंडळाने टाळ्या वाजवल्या. खिलारेने माझ्याकडे बघितलं आणि पेला न पिता खाली ठेवला.

सगळ्यांना नावं ठेवत मी आयुष्य काढलं. बेटाला ठेवली, हॉलिसला ठेवली, डॉक्टरांना ठेवली आणि त्यांत मला अजूनही चूक वाटत नाही. पण ज्या बाईला मी आठ वर्षं बाहुली म्हणालो, तिच्या हातचा केक खाल्ला, तिने गुरुजींचं अक्षर विचारलं तेव्हा मनात शिव्या देत चालता झालो, ती आमच्याच रजिस्टरातली होती. पुण्याची म्हणजे खरी, असं मीच ठरवून टाकलं होतं. हॉलिसने तरी निदान वहीत आकडेमोड केली होती. मी तेवढीही केली नाही. याची मला आज लाज वाटते.

वहिनींनी खरी तारीख नवऱ्याला सांगितली नाही. त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. एक जूनला भोंगा वाजतो, केक येतो, डॉक्टर ‘मधोमध’ म्हणतात, आता फक्त सुरीवर हात ठेवत नाहीत. दवंडीचा विनोद मात्र होतो.

द्वारकेला मात्र वहिनींनी सांगितलं. आषाढातली दिव्यांची अवस. त्या दिवशी संध्याकाळी द्वारका कणकेचे गोड दिवे उकडते, डब्यात भरते आणि टिपणिसांकडे घेऊन जाते. मी बरोबर असतो. वहिनी एक दिवा लावतात, क्षणभर त्याच्याकडे बघतात, मग ताटं वाढतात. पहिला दिवा द्वारका वहिनींच्या पानात ठेवते, सगळ्यांत मोठा.

डॉक्टर त्यावर तुपाची धार धरतात, मिटक्या मारत चार दिवे खातात आणि दर वर्षी विचारतात, “वा! आज काय विशेष?”

“काही नाही,” वहिनी सांगतात. “अवस आहे.”

“असं होय,” डॉक्टर म्हणतात आणि पाचवा घेतात.